लांबचा मेव्हणा

अब्बासचाचांच्या गाडीत चढताना पास दाखवावा लागत नसे. दारात पाय ठेवला की मान न वळवता ते एकच विचारायचे, "डब्यात काय?" उत्तर दिल्याखेरीज दुसरा पाय वर घ्यायची सोय नव्हती.

"सुकट."

"चढ."

"वालाचं बिरडं."

"चढ, चढ. जवळच बस."

"कालचंच हाय, चाचा."

"बायकोशी भांडलास काय रं?"

मागे रांगेत उभी असलेली माणसं हसायची. पेणमधल्या कोणत्या घरात काय चाललंय ते या एका प्रश्नातून सगळ्या गाडीला रोज सकाळी कळत असे.

गाडी म्हणजे धाटावच्या एका केमिकल कारखान्याची बस. पेणहून सुटायची, वडखळ, नागोठणं करत भिसे खिंड चढायची आणि रोह्याला कुंडलिकेचा पूल ओलांडून कारखान्याच्या फाटकात शिरायची. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मी बी.एस्सी. होऊन तिथल्या प्रयोगशाळेत लागले. त्या गाडीत तोवर एकही बाई बसली नव्हती. पहिल्या दिवशी मी चढले तेव्हा आतली चाळीसएक माणसं अशी गप्प झाली, की मला वाटलं चुकून मयताच्या घरी आले.

चाचांनी मात्र नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "पोळी आणि बटाट्याची भाजी."

"मास्तरणीचा डबा," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच मागे वळले. "पाटील, ऊठ."

पाटील म्हणजे युनियनचा पुढारी. आगरी गडी, आडवा बांधा, आवाज असा की त्याला माईक लागत नसे. ड्रायव्हरच्या मागची सीट गाडी सुरू झाल्यापासून त्याची होती.

"मी का उठू?"

"ही सीट आजपासून पोरीची. आनि सगल्यांनी ऐका. शिव्या खिंडीच्या पलीकडं."

या हुकमाचा परिणाम भलताच झाला. शिवीशिवाय वाक्य सुरू करायची सवय नसल्यामुळे माणसं खिंडीपर्यंत मुक्यानं बसू लागली. खिंड उतरली की रोह्याच्या पुलापर्यंत दिवसभराचा कोटा घाईघाईनं संपवत. मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत असे.

असे त्यांचे बरेच कायदे होते. नागोठण्यापर्यंत राजकारण नाही, त्यापुढे चालेल, कारण पुढे खिंड आहे आणि भांडणानं ड्रायव्हरला झोप येत नाही. उलटी होणाऱ्यानं डाव्या खिडकीशी बसायचं. उधारी मागायची तर गाडीतून उतरून. कुणी "चाचा, जरा दाबा ना" म्हटलं, की उत्तर ठरलेलं : "घाई फक्त मयताला." हायवेला एखादा ट्रक भोंगा वाजवत पुढे गेला की ते त्याला मनापासून वाट देत आणि म्हणत, "जा बाबा, तुझी कबर थंड व्हतेय."

चाचा उंच, सडपातळ, दाढी मेंदीनं लालभडक. कोकणी मुसलमान, पेणच्या खाडीकडच्या गावातले. बायको वारलेली, दोन मुलगे दुबईला. मुलं विचारत नाहीत, म्हातारा एकटाच हातानं रांधून खातो, अशी गाडीत समजूत होती. ती समजूत कुणी करून दिली ते कुणालाच माहीत नव्हतं. पण तिच्या जोरावर माणसं त्यांना आपल्या डब्यातलं अर्धं देत, आणि ते घेत.

कारखाना सुरू झाला तेव्हा भरती झालेली ही सगळी पोरं आता एकदमच म्हातारी होत होती. डब्यांवरूनच कळायचं. सुकटीची कारली झाली, भाताची नाचणी झाली. कुणाचे गुडघे, कुणाची साखर, कुणाला दम. कंपनी नवीन पर्मनंट माणूस घेत नव्हती. जड कामाला ठेकेदार बिहार-यूपीची माणसं आणायचा. ती वडखळच्या पुढे एका ढाब्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत आणि ठेकेदाराच्या टेम्पोत उभ्यानं कारखान्यात येत. आमच्या गाडीत जागा रिकाम्या असायच्या, पण त्यांना घ्यायचं नाही असं युनियननं ठरवलेलं. पाटील म्हणे, "आज सीट देल, उद्या आपली नोकरी देल." चाचांचंही तेच : "कंपनीची गाडी, कंपनीची मानसं."

म्हणून एका सकाळी त्या ढाब्याजवळ गाडी थांबली आणि एक बिहारी माणूस चढून चाचांच्या बाजूला, इंजिनाच्या झाकणावर बसला, तेव्हा गाडीत खळबळ उडाली. त्याला डब्याचंही कुणी विचारलं नाही.

पाटील मागून पुढे आला. "चाचा, ह्यो कोन?"

"माझा मेव्हना."

"बिहारचा?"

"लांबचा हाय."

गाडी हसली, आणि हसल्यावर विरोध करायची पंचाईत होते. शिवाय तो सीटवर बसलाच नव्हता, झाकणावर बसला होता. युनियनच्या ठरावात झाकणाचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चढला, तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात सगळे त्याला मेव्हणाच म्हणू लागले.

त्याचं नाव रामसूरत. केस काळेभोर, इतके की ते काळे नसून काळे केलेले आहेत हे लांबून कळावं. ठेकेदाराला चाळिशीच्या आतली माणसं लागत. रामसूरतला तिकडे नातवंडं होती. दर पंधरवड्याला तो केसांना कलप लावायचा आणि मिशीला लावायला विसरायचा. उन्हाळ्यात घाम आला की कपाळावरून काळे ओघळ उतरत. चाचा म्हणत, "डोक्यावर अवस, मिशीला पुनव."

रामसूरत त्यांच्या दाढीकडे बोट दाखवून म्हणे, "और ये क्या है, चाचा?"

"ही मेंदी हाय. मेंदी सगल्यांना दाखवून लावतात. तुझा कलप म्हंजे चोरी."

"पेट के लिए है, चाचा."

"म्हनून तर पोलिसात देत नाय."

रामसूरत चढल्यावर जो बोलायला लागायचा तो उतरेपर्यंत. मी चाचांच्या अगदी पाठीमागच्या सीटवर बसायचे, तरी गाडीच्या आवाजात मला तुकडेच ऐकू येत. "बायें साइकिल... दायें कुछ नहीं... बायें औरत है, बच्चा है... बायें खाली." पहिले काही दिवस मला वाटलं, हा माणूस दिसेल ते बोलतो. काही माणसं पाट्या मोठ्यानं वाचतात तसा.

मग एके दिवशी रामसूरत आला नाही. त्या दिवशी चाचांनी गाडी इतकी हळू चालवली, की वडखळच्या नाक्यावर एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं. नागोठण्याच्या बाजारात एक माणूस डाव्या बाजूनं हातगाडी ढकलत चालला होता. मला तो कधीपासून दिसत होता. गाडी त्याच्या अंगावरच निघाली. मी ओरडले, चाचांनी ब्रेक दाबला. हातगाडीवरची केळी रस्त्यावर पडली, त्या माणसाला काही झालं नाही. चाचांनी खाली उतरून त्याची केळी एकेक करून वेचून दिली. वेचताना ते हात जमिनीवर गोल फिरवत होते. पायाशी पडलेला घड त्यांना सापडेना. तो मी उचलून दिला.

तेव्हा माझ्या सगळं लक्षात आलं. डब्यात काय, हे विचारणंही. आवाज ऐकल्याशिवाय दारातलं माणूस त्यांना कळत नव्हतं.

त्या दुपारी कँटीनमध्ये मी पाटीलला गाठलं. तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "तुला आज कललं व्हय? गाडीला कंदीचं ठावं हाय."

"मग कुणी बोलत का नाही?"

"काय बोलनार? म्हाताऱ्याची रिटायरमेंट वर्षा-दीड वर्षावर आली. पोरं ढुंकून बघत नाय. आता काढला तर खाईल काय?"

"आणि गाडीतली माणसं?"

त्यानं घास खाली ठेवला. "त्या मानसांनीच ठरवलंय गो. मी एकल्यानं नाय. आज त्याचे डोले, उद्या माझं गुडघं. आज त्याला धरून दिला तर उद्या मला कोन झाकेल?"

पण त्या सायकलवाल्यांनी, त्या केळीवाल्यानं काही ठरवलेलं नव्हतं, हे माझ्या मनातून जाईना. संध्याकाळी मी सरळ चाचांकडेच गेले. ते फाटकाजवळ गाडीची काच पुसत होते.

"चाचा, डोळे दाखवा."

"दाखवले. पनवेलच्या डॉक्टरला दोन्ही दाखवले. त्याला आवडले नायत."

"थट्टा नको. मोतीबिंदू असेल तर काढता येतो."

"मोतीबिंदू नाय, काचबिंदू. मधलं दिसतं, बाजूचं जातं. नळीतनं बघितल्यावानी. गेली ती नजर येत नाय म्हनाला. थेंब देल्यात, हाय ती टिकवायला."

मग त्यांनीच सांगितलं. एका पहाटे, ढाब्याजवळ, रस्त्याच्या कडेनं चालणारा रामसूरत त्यांना दिसला नव्हता. त्यानं खड्ड्यात उडी मारली म्हणून वाचला. चाचांना वाटलं आता शिव्या पडणार. चिखलानं माखलेला तो माणूस खिडकीशी आला, त्यांच्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "चाचा, आपको दिखा नहीं, ना?" त्यानं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चाचांनी त्याला गाडीत घेतलं.

"तो बाजू बघतो, मी मधलं बघतो. दोघांचा मिळून एक ड्रायव्हर."

"आणि तो नसेल तेव्हा? आज काय झालं असतं?"

या वेळी ते हसले नाहीत. बराच वेळ काचेवर फडकं फिरवत राहिले. "बरोबर बोललीस. तो नसेल तवा मी पन येनार नाय."

हा शब्द त्यांनी पाळला. रामसूरतला ताप आला की चाचांचीही रजा पडे आणि गाडीवर दुसरा ड्रायव्हर येई. गाडीत म्हणत, मेव्हण्या-मेव्हण्यांचा तापही एकच. मी हसत असे, पण खिंड आली की पुढचा दांडा घट्ट धरत असे.

जे व्हायचं ते रामसूरत हजर असतानाच झालं. ठेकेदाराची चार माणसं होळीला गावी गेली होती. त्यांच्या बदल्यात रामसूरतला त्यानं रात्रभर वडखळच्या आपल्या गोदामात राबवलं आणि सकाळी तसंच आमच्या गाडीनं दिवसपाळीला पाठवलं. संध्याकाळी परतताना तो झाकणावर बसला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. चाचा म्हणाले, "झोपू नको रं." तो म्हणाला, "नहीं, चाचा." रोहा सुटेपर्यंत तो बोलत होता. खिंड चढताना त्याचा आवाज विरत गेला आणि बंद झाला. मी पुढे वाकून त्याच्या खांद्याला हात लावणार, एवढ्यात वळणावर डोक्यावर मोळी घेतलेली एक कातकरी बाई दिसली. अगदी डावीकडे. रामसूरत दचकून जागा झाला आणि ओरडला, "बायें! बायें!"

चाचांनी उजवीकडे गाडी घेतली. समोरून एस.टी. येत होती. पुन्हा डावीकडे. बाई मोळी टाकून डोंगराला चिकटली. आमची पुढची चाकं तिच्यापुढच्या गटारात गेली आणि गाडी डोंगरावर रेलून थांबली.

कुणी मेलं नाही. पाटीलचा हात मोडला, माझा ओठ फाटला, बऱ्याच जणांना टेंगळं आली. रामसूरतचं डोकं पुढच्या काचेवर आपटलं होतं. चाचांना खरचटलंही नव्हतं. ते खाली उतरून त्या बाईची लाकडं गोळा करत होते. ती रडत म्हणत होती, "राहूं दे बाबा, राहूं दे."

आम्हाला रोह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे नर्सनं रामसूरतची जखम धुवायला साबणाचं पाणी ओतलं आणि किंचाळली. तसराळ्यात काळंशार पाणी उतरत होतं. "अगं बाई, हे कसलं रक्त?"

"रक्त नाय, कलप हाय," पाटील हात धरून कण्हत म्हणाला. दुखणी विसरून आम्ही सगळे हसलो. रामसूरतही हसला. हसता हसता त्यानं दाराकडे पाहिलं. दारात ठेकेदार उभा होता. नर्सनं आणखी दोनदा पाणी ओतलं आणि काळ्या केसांखालून एक पांढराशुभ्र म्हातारा वर आला.

कंपनीनं चौकशी लावली. त्याआधीच गाडीतल्या माणसांनी आपापसात ठरवून टाकलं, की ड्रायव्हरशेजारी बसून कंत्राटी कामगार बडबडत होता, त्यानं लक्ष विचलित झालं. तो गाडीत असायलाच नको होता. हे सांगितलं की चाचा वाचत होते. कंपनीही वाचत होती, कारण तिनं कित्येक वर्षांत ड्रायव्हरचे डोळे तपासले नव्हते. बुडणार होता तो एकटा रामसूरत, आणि त्याचं नाव कंपनीच्या पटावर नव्हतंच. पाटील मला म्हणाला, "तू फकस्त एवढंच सांग, का तो सारखा बोलत व्हता. खोटं हाय काय?"

खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते जास्त वाईट वाटत होतं.

पर्सोनेल साहेबांच्या केबिनबाहेर आम्ही बाकावर बसलो. मध्ये नुसती प्लायवूडची भिंत, आतलं सगळं ऐकू यायचं. पहिल्यांदा रामसूरतला बोलावलं. साहेबांनी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "गलती मेरी है, साहब. मैं बहुत बातें करता हूँ. चाचा का कोई दोष नहीं."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, तो आम्हालाही ऐकू आला. पाटीलनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे झालं, आता तुझीही गरज नाही. इतक्यात चाचा बाकावरून उठले, बोलावलं नसताना दार ढकलून आत गेले आणि दार तसंच उघडं राहिलं.

"साहेब, तो खोटं बोलतोय. मला दिसत नाय."

"चाचा, बाहेर बसा. तुम्हाला बोलावतो."

"बाजूचं कायच दिसत नाय. लय महिने झाले. तो मला रस्ता सांगायचा. तो बोलायचा म्हनून गाडी चालत व्हती, गप बसला म्हनून पडली. आनि गप का बसला? दोन पाळ्या करून आला व्हता."

"तुमच्या निवृत्तीला किती राहिलंय? उगाच कशाला ओढवून घेता?" साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "मी समोर बसलोय ते दिसतोय ना तुम्हाला?"

"समोरचं दिसतं, साहेब. तुमची टाय पन दिसतेय. बाजूचं..." असं म्हणत त्यांनी हात बाजूला पसरला आणि आत मोठा खळ्ळ आवाज झाला. शिपाई चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या उजव्या अंगाला केव्हाचा उभा होता.

मग चाचा म्हणाले, "बघितलंत?"

ते बाहेर आले. पँटवर चहा सांडलेला. पाटील तांबडालाल झाला होता. गळ्यात अडकवलेल्या हातासकट उठून त्यानं त्यांना अडवलं. "चाचा, आमी चाळीस मानसं तुमच्यासाठी खोटं बोलाय बसलो व्हतो. तुमाला कललं का?"

"कललं रं. येवढं माझ्यासाठी कुनी केलं नाय." त्यांनी चाचपडत पाटीलच्या खांद्यावर हात ठेवला. "पन त्याच्यासाठी एक पन मानूस नव्हता. मग मी गेलो."

त्याच दिवसापासून चाचांच्या हातची गाडी सुटली. रामसूरतवर ठपका आला नाही, तसं कागदावर लिहूनही आलं. पण ठेकेदारानं त्याला कामावर घेतलं नाही. "इतने बूढ़े को कौन रखेगा?" तो म्हणाला. रामसूरतची नोकरी अपघातानं गेली नाही, साबणाच्या पाण्यानं गेली.

चाचांना निरोप वगैरे काही झाला नाही. जो तो एकमेकांचे डोळे चुकवत होता. गाडीवर एक तरुण ड्रायव्हर आला. तो गाणी लावायचा आणि खिंड सुसाट चढायचा. युनियननं पुढच्याच बैठकीत सगळ्यांचे डोळे वर्षातून एकदा तपासायची मागणी केली, आणि ज्याचे डोळे गेले त्याला दुसरं बैठं काम द्यायची. मागणी पाटीलनंच मांडली. कंपनीनं पहिली मान्य केली, दुसरीवर विचार करू म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत पाटील माझ्या घरी आला. खांद्यावर स्वतःच्या शेतातल्या तांदळाची गोणी. "चाचाकडं जायचंय. एकला जायला पाय रेटत नाय, तू चल." मी आईनं केलेल्या चकल्या बांधून घेतल्या. गोणी वाहून पाटील घामाघूम झाला. खाडीकडच्या गावात शिरलो आणि एका पोऱ्याला विचारलं, अब्बास ड्रायव्हरचं घर कुठलं?

"तुमी त्याच्यापुढंच हाव," तो म्हणाला.

समोर दुमजली घर होतं. गुळगुळीत फरशी, वर गच्ची, लोखंडी फाटकाला सोनेरी रंग. पाटीलनं गोणी हळूच खाली ठेवली, आणि फाटकाबाहेर ठेवावी की आत, ते त्याला कळेना.

चाचा ओटीवर खुर्चीत बसले होते. आमचा आवाज ऐकताच उठून उभे राहिले. चहा स्वतः केला, कपात बोट घालून माप बघत ओतला. घर मुलांनी बांधलं होतं. पैसे दर महिन्याला येत, फोन दर शुक्रवारी येई. सुनाही तिकडेच. वर पाच खोल्या होत्या, पलंग, कपाटं, प्लॅस्टिक न काढलेल्या गाद्या.

पाटीलला राहवेना. "चाचा, येवढं हाय तर मग आंधळेपनी गाडी कशाला हाकत व्हता? आमाला वाटलं, म्हातारा उपाशी मरंल."

चाचांनी कप खाली ठेवला. "ह्या घरात मी खोकलो तर मीच ऐकतो, पाटील. गाडीत चाळीस मानसं होती." मग म्हणाले, "तुमाला वाटत व्हतं पोरं विचारत नाय. मी कंदी तसं म्हनलो नाय. पन नाय बी नाय म्हनलो. तुमी माया करत व्हता, ती बंद झाली असती."

मी रामसूरतचं विचारलं. ठेकेदारानं काढलं त्याच दिवशी चाचा त्याला घरी घेऊन आले होते. वरच्या पाचांपैकी हवी ती खोली घे म्हणाले. त्यानं जिन्याखालची जागा घेतली. फुकट राहणार नाही म्हणाला आणि हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात माती मळायला लागला. तिथे केस कुणी विचारत नव्हतं. सकाळी जायचा, दिवेलागणीला यायचा. दोघं मिळून जेवायचे. तो तुलसीदासाच्या चौपाया म्हणायचा, चाचा नमाज पढायचे, मग ओटीवर बसून उगाच भांडायचे. गणपती झाले, काम संपलं. नातीच्या लग्नाच्या तयारीला म्हणून तो गावी गेला.

"कधी येणार?" मी विचारलं.

"येल. येतो म्हनलाय."

बोलता बोलता ऊन उतरलं. चाचा उठले आणि भिंतीला हात लावत आत गेले. ओटीवरचा दिवा लागला, मग माजघरातला. जिन्यावर त्यांची पावलं हळूहळू वर गेली आणि वरच्या खोल्या एकामागून एक उजळत गेल्या. शेवटी गच्चीवरचाही दिवा लागला. खाली आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"लग्न हाय काय घरात?" पाटील हसत म्हणाला. "येवढं दिवं कशाला, चाचा? तुमाला तर..." आणि मध्येच थांबला.

"मला नाय रं. रामसूरत हमरापूरवरनं खाडीच्या बांधानं चालत यायचा. परका मानूस. दोनदा वाट चुकून चिखलात शिरला. म्हनून सगले लावत व्हतो, लांबनं दिसलं पायजे."

"पण तो तर गावी गेलाय ना?" मी म्हटलं.

"व्हय."

ते खुर्चीत बसले. खाडीकडे तोंड करून. थोड्या वेळानं, मी अजून उत्तराची वाट बघतेय असं वाटून, म्हणाले, "तो काय कळवून थोडाच येनार? लिवता कुठं येतं त्याला? कंदी पन येल. अंधार झालेला असला तर?"

आम्ही निघालो. फाटकापर्यंत ते सोडायला आले, सांभाळून जा म्हणाले. बांधावरून चालताना पाटीलनं दोनदा थांबून मागे त्या उजळलेल्या घराकडे पाहिलं. पार हमरस्त्याला लागेपर्यंत पायाखालची वाट आम्हाला स्वच्छ दिसत होती.